फुंकरीचा हिशेब : दम्याचे निदान श्वासचाचणीने कसे होते?

दमा हा शब्द आपल्या घरांत सहसा मोकळेपणाने उच्चारला जात नाही. लहान मुलाला असेल तर ‘बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल’ असे म्हटले जाते. उपवर मुलीला असेल तर तो ‘ॲलर्जीचा खोकला’ ठरतो. पेढीवर बसणाऱ्या वडिलांना असेल तर ‘वयोमानाने थोडी धाप लागते’ अशी समजूत घातली जाते. खोकल्याच्या बाटल्या येतात, संपतात, पुन्हा येतात आणि वर्षे निघून जातात. याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. थंडीच्या दिवसांत महिनाभर खोकला राहिला, कोणीतरी ‘दमा आहे’ असे सांगितले आणि तेव्हापासून तो शिक्का आयुष्यभर कपाळी बसला. पुढे कोणी त्याची फेरतपासणी केलीच नाही.

हे दोन्ही प्रकार वरकरणी परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. मोजमाप न घेता निष्कर्ष काढला गेला. रक्तदाब मोजल्याशिवाय त्याची गोळी सुरू करण्यास आज कोणीही तयार होणार नाही. मधुमेहाचेही तसेच आहे. मग श्वासाच्या बाबतीत मात्र केवळ ऐकीव निदानावर आपण कसे समाधान मानतो? दम्याचे मोजमाप करणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. त्यांना सुई लागत नाही, रक्त काढावे लागत नाही आणि बहुतेकांना अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही.

प्रश्न लहान नाही. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के आपल्याकडे आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात होतात. या तफावतीमागे उशिरा होणारे निदान आणि नियमित औषधाचा अपुरा वापर ही प्रमुख कारणे असल्याचे तज्ज्ञ सांगतात. म्हणूनच या चाचण्यांची ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे इष्ट आहे.

दम्यात नेमके काय घडते?

आपल्या फुफ्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जातात. दम्यात या नलिकांच्या आतील अस्तराला सूज असते, त्यांच्या भोवतीचे स्नायू अधूनमधून आवळले जातात आणि आत चिकट स्राव साठतो. वाट अरुंद होते. आत घेतलेला श्वास बाहेर टाकणे विशेष कठीण जाते आणि म्हणूनच छातीतून शिटीसारखा आवाज येतो.

या विकाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याची अस्थिरता. पहाटे तीन वाजता उठून बसावे लागते, पण सकाळी दहाला डॉक्टरांसमोर बसताना छाती स्वच्छ असते. पावसाळ्यात त्रास होतो, उन्हाळ्यात होत नाही. झाडलोट, उदबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, सर्दी, धावपळ यांनी वाट आवळते आणि औषधाने किंवा आपोआप ती मोकळी होते. दम्याचे निदान म्हणजे ही अस्थिरता आकड्यांत पकडणे होय. छातीच्या क्ष-किरण चित्रात ती दिसत नाही. दमेकऱ्याचे ते चित्र बहुधा स्वच्छच असते. क्षयरोग किंवा न्यूमोनिया नाही ना, हे पाहण्यासाठी ते चित्र उपयोगी पडते, आणि आपल्या देशात दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात क्षयाची तपासणी टाळता कामा नये. परंतु क्ष-किरण चित्राने दमा सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवावे.

विम्याच्या हिशेबातून वाढलेले यंत्र

फुफ्फुसांत किती हवा मावते, हे मोजण्याचे यंत्र रुग्णसेवेबरोबरच आयुर्विम्याच्याही हिशेबाने पुढे आले, ही गोष्ट व्यापारी वाचकांना रंजक वाटेल. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या ‘स्पायरोमीटर’ या यंत्राविषयीचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. खलाशी, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, छापखान्यातील जुळारी, पहिलवान अशा दोन हजारांहून अधिक व्यक्तींना त्यांनी या यंत्रात श्वास सोडावयास लावले. दीर्घ श्वास घेऊन पूर्ण सोडल्यावर जी हवा बाहेर पडते, तिला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ असे नाव दिले. ही हवा उंचीनुसार वाढते, पाच ते सहा फुटांच्या दरम्यान प्रत्येक इंचामागे सुमारे आठ घनइंचांनी वाढते, हा त्यांचा शोध होता. विमा उतरविणाऱ्याच्या प्रकृतीची पारख या यंत्राने करावी, अशी त्यांची शिफारस होती.

मात्र हचिन्सन यांचे यंत्र एकूण हवा मोजत असे. ती किती वेगाने बाहेर पडते याची नोंद त्यात नव्हती. दमेकऱ्याची एकूण हवा पुष्कळदा ठीक असते, अडचण वेगाची असते. फ्रान्सचे रॉबर्ट तिफनो यांनी १९४७ मध्ये पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजण्याची कल्पना मांडली आणि तेथून आजच्या चाचणीचा पाया पक्का झाला.

स्पायरोमेट्री कशी होते?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पीएफटी’ असे लिहिलेले असते, त्यातील प्रमुख भाग म्हणजे स्पायरोमेट्री. प्रथम उंची, वय आणि लिंग यांची नोंद होते. व्यक्तीला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात. तोंडात नळी घट्ट धरून शक्य तितका खोल श्वास घ्यायचा आणि मग एकदम, पूर्ण जोराने, छाती रिकामी होईपर्यंत सोडायचा. प्रौढांनी साधारणपणे किमान सहा सेकंद फुंकत राहावे, अशी अपेक्षा असते. शेवटी हवा संपल्यासारखी वाटते तेव्हाही तंत्रज्ञ ‘अजून, अजून’ असे ओरडत असतो. त्याचा राग मानू नये. ते त्याचे कर्तव्यच आहे.

निदान तीन फुंकरी निर्दोष याव्या लागतात आणि त्यांतील उत्तम दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. त्यांच्यात १५० मिलीलीटरपेक्षा अधिक फरक नसावा. व्यापारात वजन एकदा संशयास्पद वाटले की पुन्हा काट्यावर चढविले जाते, तसेच हे आहे. अर्धवट फुंकरीवर आधारलेला अहवाल कितीही सुबक छापलेला असला तरी निरुपयोगी होय. त्यामुळे चाचणी घेणारा तंत्रज्ञ जाणकार असणे हे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

अहवालातील आकडे

अहवालात अनेक आकडे असतात. त्यांपैकी तीन समजले तरी पुरे. पहिला ‘एफव्हीसी’, म्हणजे जोराने फुंकून बाहेर पडलेली एकूण हवा. दुसरा ‘एफईव्ही-१’, म्हणजे त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा. तिसरा म्हणजे दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून येणारे गुणोत्तर. निरोगी प्रौढ व्यक्ती आपल्या हवेच्या साधारण ७५ ते ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकते. मुलांमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. वयपरत्वे ते थोडे उतरते. वाट अरुंद असेल तर हे गुणोत्तर घसरते.

समजा, एका गृहस्थांची एकूण हवा ३.२० लीटर आणि पहिल्या सेकंदातील हवा २.०० लीटर आली. गुणोत्तर झाले सुमारे ६२ टक्के. म्हणजे श्वासमार्गात अडथळा आहे. परंतु तो दमाच आहे असे अजून म्हणता येत नाही. येथे चाचणीचा दुसरा आणि खरा निर्णायक भाग सुरू होतो. रुग्णाला सालब्युटामॉलसारखे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध श्वासावाटे देतात, दहा-पंधरा मिनिटे थांबतात आणि सर्व फुंकरी पुन्हा घेतात. औषधानंतर पहिल्या सेकंदातील हवा २.४० लीटर झाली, तर वाढ झाली ४०० मिलीलीटर, म्हणजे २० टक्के. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषानुसार प्रौढांमध्ये ही वाढ १२ टक्क्यांहून अधिक आणि त्याचबरोबर २०० मिलीलीटरहून अधिक असावी लागते. या उदाहरणात दोन्ही अटी पूर्ण होतात. लक्षणेही जुळत असतील तर दम्याचे निदान भक्कम ठरते.

दोन अटी कशासाठी, असा प्रश्न हिशेबी मनाला पडेल. मूळ रक्कम लहान असली की किरकोळ वाढही टक्केवारीत मोठी दिसते. १.०० लीटरवरून १.१४ लीटर झाले तर वाढ १४ टक्के दिसते, पण प्रत्यक्षात ती केवळ १४० मिलीलीटर आहे. एवढा फरक दोन फुंकरींतही पडू शकतो. म्हणून टक्केवारी आणि रक्कम या दोन्ही बाजूंनी ताळा पाहिला जातो. काही अलीकडच्या मार्गदर्शिकांत ही गणना थोड्या वेगळ्या रीतीने केली जाते, परंतु तत्त्व तेच आहे.

औषधानंतरही गुणोत्तर ७० टक्क्यांच्या खालीच राहिले, तर डॉक्टर दुसऱ्या एका विकाराचा विचार करतात. विडी-सिगारेटचा किंवा चुलीच्या धुराचा वर्षानुवर्षे संपर्क आलेल्यांना होणारा सीओपीडी हा तो विकार. दोन्हींत धाप लागते, दोन्हींत खोकला असतो, पण उपचारांची आखणी भिन्न असते. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या घरातील वृद्ध स्त्रियांची ही तपासणी विशेष अगत्याने करावी. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा विकार होतो.

अहवाल ‘नॉर्मल’ आला तर?

येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. दमा अस्थिर असल्यामुळे चांगल्या दिवशी घेतलेली चाचणी पूर्णपणे निर्दोष येऊ शकते. एका दिवसाची शिल्लक पाहून वर्षाचा व्यवहार कळत नाही, त्यासाठी रोजमेळ पाहावा लागतो. श्वासाचाही असा रोजमेळ ठेवता येतो आणि त्याचे साधन म्हणजे ‘पीक फ्लो मीटर’. इंग्लंडच्या मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये हे यंत्र पुढे आणले. आज त्याची प्लॅस्टिकची छोटी आवृत्ती औषधांच्या दुकानांत अल्प किमतीत मिळते. खोल श्वास घेऊन एक जोराची, झटकन फुंकर मारायची. काटा जेथे थांबेल तो आकडा वाचायचा. तीन वेळा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळी आणि सायंकाळी, सलग दोन आठवडे.

उदाहरणार्थ, सकाळी ३२० आणि सायंकाळी ४०० असे आकडे आले. फरक ८०, सरासरी ३६०. म्हणजे चढउतार सुमारे २२ टक्के. अशा रीतीने रोजचा चढउतार काढून दोन आठवड्यांची सरासरी घेतात. ती प्रौढांमध्ये १० टक्क्यांहून आणि मुलांमध्ये १३ टक्क्यांहून अधिक असेल तर ती दम्याच्या बाजूची साक्ष ठरते. आकडे मनाने भरू नयेत. चुकलेली नोंद कोरी ठेवलेली परवडते, खोटी नोंद निदानच बिघडवते.

तरीही शंका उरली, तर सुसज्ज रुग्णालयात मेथाकोलीन चाचणी केली जाते. श्वासनलिका किंचित आवळणारे हे द्रव्य अत्यंत सौम्य मात्रेपासून सुरू करून क्रमाक्रमाने वाढवत श्वासावाटे देतात. पहिल्या सेकंदातील हवा २० टक्क्यांनी घटली की चाचणी थांबवून लगेच आराम देणारे औषध देतात. दमेकऱ्याच्या नलिका थोड्या मात्रेतच आवळतात. लक्षणे चालू असताना ही चाचणी निर्दोष आली, तर दम्याची शक्यता बरीच कमी होते. खेळताना किंवा धावताना खोकणाऱ्या मुलांसाठी व्यायामानंतर फुंकर मोजण्याची पद्धतही आहे. या चाचण्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच कराव्यात. घरी असा प्रयोग कदापि करू नये.

दुकान आणि सुट्टी यांची तुलना

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ व्यापारावर आहे आणि व्यापार म्हटला की धूळ आलीच. धान्याची आडत, पिठाची गिरणी, डाळमिल, सांगलीची हळदपेठ, इचलकरंजीचे यंत्रमाग, लाकडाची वखार. प्रत्येकाची धूळ निराळी. धान्याची धूळ आणि पीठ यांमुळे कामाशी निगडित दमा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कच्च्या कापसाच्या धुळीचा विकार वेगळा. त्यात सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते.

अशा वेळी पीक फ्लोची वही बहुमोल ठरते. दिवसातून किमान चार वेळा, सुमारे चार आठवडे नोंद ठेवावी आणि त्यात कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस दोन्ही यावेत. सुट्टीत आकडे चढत असतील आणि कामावर परतताच उतरत असतील, तर कारण कोठे आहे हे वही स्वतःच सांगते. मालकाने ही नोंद स्वतःपुरती ठेवू नये. पोती उचलणारे हमाल, गिरणीवरील कामगार, झाडू मारणारी बाई हे त्याच धुळीत आपल्यापेक्षा अधिक वेळ असतात. त्यांच्यापैकी कोणी खोकत असेल तर त्याची तपासणी करून देणे हे आपल्याच पेढीचे कर्तव्य आहे. असे कारण लवकर सापडून तो संपर्क थांबला, तर बरे होण्याची शक्यता वाढते. वर्षानुवर्षे तसेच चालू राहिल्यास त्रास कायमचा होऊ शकतो.

श्वासातील वायूची चाचणी आणि लहान मुले

अलीकडे मोठ्या शहरांत ‘फेनो’ नावाची चाचणी उपलब्ध झाली आहे. संथ, एकसारखा श्वास सोडला की त्यातील नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण अब्जात किती भाग याप्रमाणे मोजले जाते. ॲलर्जीच्या प्रकारची सूज श्वासनलिकांत असेल तर हा आकडा चढतो. प्रौढांमध्ये ५० हून अधिक आणि मुलांमध्ये ३५ हून अधिक आकडा दम्याला पुष्टी देतो. परंतु धूम्रपानाने तो उतरतो, तर नाकाच्या ॲलर्जीने दमा नसतानाही चढू शकतो. म्हणून एकट्या फेनोवर निर्णय देऊ नये.

पाच वर्षांखालील मुलांना जोराची फुंकर जमत नाही. त्यांचे निदान लक्षणे, घराण्यातील ॲलर्जीचा इतिहास आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरून केले जाते. काही केंद्रांत शांतपणे श्वास घेत असतानाच मोजणारी ‘ऑसिलोमेट्री’ही आहे. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की स्पायरोमेट्री करून ते निदान पक्के करून घ्यावे. बालपणीचा शिक्का तसाच पुढे नेऊ नये.

शिक्का खोटाही असू शकतो

कॅनडातील दहा मोठ्या शहरांत झालेले एक संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगितलेल्या ६१३ प्रौढांची या चाचण्यांनी पुन्हा काटेकोर तपासणी करण्यात आली. औषधे टप्प्याटप्प्याने कमी करून पाहिल्यावर सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींमध्ये सध्या दमा असल्याचा पुरावा आढळला नाही. काहींचा दमा शमलेला होता, काहींना तो कधी नसावा. आणि थोड्याजणांना हृदयविकारासारखे दुसरेच गंभीर दुखणे होते. मूळ निदानाच्या वेळी श्वासचाचणी न झालेल्यांचे प्रमाण दमा न आढळलेल्यांत अधिक होते. ही गोष्ट कॅनडाची असली तरी तिचा बोध आपल्यालाही लागू आहे. मात्र हे वाचून कोणीही आपला पंप स्वतःहून बंद करू नये. त्या संशोधनातही औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी केले गेले होते.

चाचणीला जाण्यापूर्वी

श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे किती तास आधी थांबवावीत, हे वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे. औषधागणिक ही मुदत बदलते. भरपेट जेवून जाऊ नये, घट्ट कपडे घालू नयेत. नजीकच्या काळात हृदयविकाराचा झटका, मोतीबिंदूसह डोळ्याची, छातीची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ते आधीच सांगावे. अशा वेळी चाचणी पुढे ढकलली जाते. शक्य असेल तेथे नियमित औषध सुरू होण्यापूर्वीच चाचणी व्हावी, कारण औषधाने सूज उतरली की पुरावाही पुसट होतो. मात्र रुग्णाला बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चाचणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे आधी उपचार, मग मोजमाप.

राहता राहिला लाजेचा प्रश्न. मुलीचे लग्न ठरेपर्यंत पंप कपाटात लपवून ठेवणारी घरे आजही आहेत. सासरी गेल्यावर नव्या घरात, नव्या धुळीत, लपूनछपून औषध घेण्याची किंवा न घेण्याची वेळ तिच्यावर येते, आणि त्यातून तिच्या जिवाला धोका संभवतो. याउलट, योग्य निदान आणि नियमित उपचार झालेली व्यक्ती शिक्षण, व्यवसाय, मातृत्व, गिरिभ्रमण सर्व काही करू शकते. औषधाने आलेली सुधारणा दाखवणारा अहवाल हाती असेल, तर दोन्ही कुटुंबांना बोलणे सोपे जाते.

घरातील प्रत्येक दुकानाची, प्रत्येक कर्जाची स्वतंत्र फाईल आपण ठेवतो. ज्यांना वारंवार खोकला, धाप किंवा रात्रीची घरघर आहे, त्यांच्या नावाची एक फाईल आजच उघडावी. तिच्यात औषधापूर्वीचा व औषधानंतरचा स्पायरोमेट्रीचा अहवाल आणि पीक फ्लोची वही असावी. आणि डॉक्टरांना एक प्रश्न नम्रतेने पण स्पष्टपणे विचारावा : ‘हा दमा आहे, किंवा नाही, हे कोणत्या आकड्यावरून ठरले?’